लॉक नटाची चावी

वाचकांचे प्रश्न

दोन अंकांपूर्वी मी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी मुलखातल्या आमच्या प्रवासाबद्दल लिहिलं होतं. अ‍ॅडलेडहून निघालो, जुन्या रेल्वेच्या कडेकडेनं कच्च्या रस्त्यानं वर गेलो, मग डांबरी धरून उलुरू नावाच्या त्या प्रचंड लाल खडकापर्यंत. मी, आमची मंडळी, मुलगी आणि जावई. त्या लेखावर सातारा-सांगलीकडून पत्रं आली. संपादकांनी गठ्ठा माझ्याकडे पाठवला, "तुम्हीच निस्तरा" म्हणाले. मी काही लेखक नव्हे. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं स्प्रिंगचे पाटे आणि क्लच प्लेटा बदलल्या, आता विट्यात बसून असतो. उत्तरंही त्याच हातानं लिहिली आहेत, गोड मानून घ्या.

आम्ही तिघे मित्र, वयं २५-२६. पाठीवर सॅक, तंबू, रस्त्यात लिफ्ट मागत अ‍ॅडलेड ते अ‍ॅलिस स्प्रिंग्ज जायचा बेत आहे. पाणी किती घ्यावं? (एक वाचक, कोरेगाव)

पाण्याचं आधी विचारलंत, म्हणजे अर्धी लढाई जिंकलीत. माणशी दिवसाला १० लिटर धरा. पिणं, रांधणं, थोडं तोंड धुणं आणि थोडं राखीव. आता तिघांचे तीन दिवसांचे झाले ९० लिटर, म्हणजे ९० किलो. हे पाठीवर घेऊन चाललात तर पहिल्या मैलाच्या दगडालाच बसाल. म्हणून तिथं पाठीवरची सॅक ही गावात फिरायला, राष्ट्रीय उद्यानातल्या आखलेल्या पायवाटांवर चालायला. गावागावांमधलं अंतर तोडायला गाडीच हवी.

अंतरं ऐका. अ‍ॅडलेड ते पोर्ट ऑगस्टा ३०० किलोमीटर. तिथून स्टुअर्ट हायवे लागतो, तो थेट उत्तरेच्या डार्विनपर्यंत, २,७०० किलोमीटरच्या वर. जॉन मॅकडोल स्टुअर्ट नावाच्या माणसानं १८६१-६२ साली दक्षिणेकडून उत्तरेपर्यंत खंड पार केला, त्याचं नाव रस्त्याला दिलंय. पोर्ट ऑगस्टा ते कूबर पेडी ५४०, तिथून मार्ला २३५, पुढं अर्लडंडा अडीचशे. अर्लडंड्याला डावीकडे वळलात की उलुरूच्या मुक्कामाचं गाव आणखी २४५, सरळ गेलात की अ‍ॅलिस स्प्रिंग्ज २००. म्हणजे अ‍ॅडलेडहून उलुरू गाठणं हे साताऱ्याहून दिल्ली गाठण्यासारखं झालं. फरक एवढाच, की वाटेत नाशिक नाही, इंदूर नाही, कोपऱ्यावर चहाची टपरी नाही. ग्लेंडॅम्बो ते कूबर पेडी या अडीचशे किलोमीटरमध्ये एकही पंप नाही. सांगलीहून पुण्याला निघालात आणि थेट स्वारगेटलाच तेल मिळालं, असं समजा.

लिफ्टचं म्हणाल तर माझ्या मुलीला सांगतो तेच तुम्हालाही सांगतो. गावात, जिथं सावली, नळ आणि माणसं आहेत तिथं बसून पुढच्या गावापर्यंतचीच सोबत ठरवा. "मला इथंच फाट्यावर सोडा" हे वाक्य त्या मुलखात तोंडातून काढायचं नाही. त्यापेक्षा तिघांत चौथा गाठून गाडी भाड्यानं घ्या, तेल वाटून घ्या. बहुतेक पोरं तसंच करतात.

आणि तंबूत झोपणार असाल तर वाळवंट म्हणून चादरीवर भागवू नका. जुलैत आम्हाला पहाटे बाटलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा सापडला. मंडळींनी माझी कानटोपी काढून घेतली, ती अजून परत मिळालेली नाही.

तुमच्या वयाच्या पोरांसाठी आणखी एक. २०२४ पासून १८ ते ३० वयाच्या भारतीयांना तिकडे फिरता फिरता काम करायचा व्हिसा सोडतीनं मिळतो, वर्षाला १,००० जणांना. नंबर लागला तर वर्षभर राहता येतं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि माझे यजमान जाणार आहोत. छोटी गाडी भाड्यानं घेतली तर चालेल का? सोबत खायला काय न्यावं? (एक शिक्षिका, वाई)

ताई, मे महिना उत्तम. आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळ्याचा उंबरठा. डिसेंबर-जानेवारीत मात्र अजिबात नको. त्याच वाटेवरच्या ऊडनडाटा गावात २ जानेवारी १९६० ला ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलंय.

डांबरीवरून उलुरू आणि अ‍ॅलिसपर्यंत छोटी गाडी खुशाल चालते. कच्च्या रस्त्यावर ती न्यायची नाही. भाड्याच्या करारात बारीक अक्षरात बहुधा तसंच लिहिलेलं असतं, आणि ते मोडलंत की विमा गेला. गाडी डावीकडूनच चालवायची आहे, आपल्यासारखीच. यजमानांचा आंतरराष्ट्रीय परवाना आर.टी.ओ.तून निघतो, वर्षभर चालतो. आपलं मूळ लायसन्सही जवळ हवं.

खाण्याचं मात्र नीट ऐका. साताऱ्याचे कंदी पेढे नेऊ नका. आमच्या मंडळींनी लेकीसाठी दोन किलो बांधून घेतले होते. अ‍ॅडलेडच्या विमानतळावर सोबत काय आणलंय ते लिहायच्या कार्डावर आम्ही खरं लिहिलं म्हणून दंड झाला नाही, पण दुधाचा पदार्थ म्हणून पेढे गेले कचऱ्यात. अधिकारी बाई फार अदबीनं टाकत होत्या. मंडळींनी तिकडे बघितलंसुद्धा नाही, भिंतीवरच्या कुत्र्याच्या चित्राकडे बघत उभ्या राहिल्या. जे न्याल ते कार्डावर लिहा, लपवू नका. दूध, बिया, ताजी फळं यांच्या वाटेला जाऊच नका. देशातल्या देशातसुद्धा, पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरताना नाक्यावर फळं काढून घेतात, फळमाशीच्या भीतीनं. आम्ही मुरमुरे अ‍ॅडलेडच्या भारतीय दुकानात घेतले आणि भडंग तिथंच परतलं. आठ दिवस टिकलं.

वाळवंटात गाडी बंद पडली तर काय करायचं? (एक वाचक, सांगली)

याचं उत्तर मला स्वतःची अब्रू घालवून द्यावं लागणार.

ऊडनडाटा ट्रॅक म्हणून ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे, मरी गावापासून मार्लापर्यंत. आम्ही जावयाच्या मित्राची मोठी फोर-व्हील ड्राइव्ह मागून घेतली होती. निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्याखाली दोन तास झोपलो. तेल बघितलं, फॅन बेल्ट दाबून बघितला, होज पाइप चाचपले, बॅटरीची टोकं घासली, स्टेपनीत हवा बघितली. जॅक उचलून बघितला. टॉमी, म्हणजे चाकाचे नट सोडवायचा पाना, हातात धरून बघितली. जावई म्हणाला, "मामा, पासिंग झालं का गाडीचं?" मी म्हणालो, "झालं. निघा."

मरी सोडल्यावर हवा उतरवली. इथं थोडं थांबून सांगतो, कारण हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. खडीच्या रस्त्यावर टायर टणक ठेवला तर धारदार दगड तो सरळ कापतो. हवा ३८ पौंडांवरून २८ वर आणली की टायर दगडावर दबतो, दगड गिळतो. पत्र्यासारख्या नाळ्या पडलेल्या असतात रस्त्याला, त्यांचे दणकेही कमी बसतात. मात्र कमी हवेवर वेगात जायचं नाही, टायर तापून फुटतो. आणि पुन्हा डांबरीवर आलात की हवा भरायची, त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर जवळ हवा.

कावर्ड स्प्रिंग्ज नावाची जागा आहे. जमिनीखालचं पाणी आपोआप वर येतं, रेल्वेच्या जुन्या स्लीपरांची टाकी बांधलीय, खजुराची झाडं आहेत. तिथं पाय बुडवून पुढं निघालो आणि वीस एक किलोमीटरवर मागचं डावं चाक बसलं. दगडानं कडेला चिरलेलं, पंक्चर काढण्यातलं नव्हतं. मी खूश. खरं सांगतो, खूश. जावयासमोर हात दाखवायची संधी. बाह्या वर केल्या, जॅक लावला, टॉमी घेतली, चार नट सोडवले. पाचवा सुटेना. बघतो तर तो नट गोल, त्याच्या तोंडावर फुलासारखी नक्षी. चोरीपासून चाक वाचवायला बसवलेला लॉक नट. त्याला वेगळी चावी लागते, आगपेटीएवढी. ती चावी कुठं होती? अ‍ॅडलेडमध्ये, मित्राच्या स्वयंपाकघरातल्या खणात.

जॅक आहे, टॉमी आहे, स्टेपनी आहे, स्टेपनीत हवा आहे. ३४ वर्षं वर्कशॉपमध्ये घालवलेला माणूस आहे. आणि चाक निघत नाही.

जावई म्हणाला, पुढचं विल्यम क्रीक गाव पन्नास-पंचावन्न किलोमीटर असेल, मी थोडं पुढं चालून मोबाइलला रेंज येते का बघतो. मी म्हणालो, बसा खाली. मला नियम माहीत होता आणि तो तुम्हीही पाठ करा : गाडी सोडायची नाही. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. गाडीला सावली असते, गाडीत पाणी असतं, गाडी रस्त्यावर असते. तिथं माणसं गेलीत ती बहुतेक गाडीपासून चालत निघाल्यामुळं. गाडीत आमच्याजवळ पाण्याचे २० लिटरचे चार कॅन होते. म्हणजे चौघांना दोन दिवस सुखानं, आणि ताणलं तर चार. मुलीनं ताडपत्री गाडीच्या टपाला बांधून सावली केली. मंडळींनी विचारलं, "अहो, टँकर कधी येतो इथं?" त्या आटपाडीच्या माहेरच्या. पाण्याची वाट बघायची त्यांना सवय. १९७२ च्या दुष्काळात मी ११ वर्षांचा होतो, घागर घेऊन रांगेत असायचो. तेव्हा एक शिकलो होतो, पाणी लपवून ठेवायचं नाही आणि सांडायचंही नाही. तहान लागली की प्यायचं. घोट घोट वाचवणारा माणूस कॅन भरलेला असताना चक्कर येऊन पडतो.

चार तासांनी धूळ दिसली. एक शेतकरी, तिकडच्या गुरांच्या रानातला, मागं उघडी गाडी, तीत दोन कुत्री. खाली उतरला आणि चाकाकडे बघितलंसुद्धा नाही. पहिलं विचारलं, "पाणी किती आहे?" कॅन दाखवले तेव्हा मान हलवली, मग चाकाकडे वळला. त्याच्या पेटीतून त्यानं एक जुना, नटापेक्षा किंचित लहान गोटी पाना काढला, लॉक नटावर ठेवला आणि हातोडीनं ठोकून घट्ट बसवला. मग टॉमीला पाइप लावून जोर दिला. नट कुरकुरला आणि सुटला. हा उपाय मलाही ठाऊक होता हो. शंभर वेळा केलाय. पण माझे गोटी पाने विट्यात, आणि हातोडीसुद्धा जवळ नव्हती. पैसे घेतले नाहीत त्यानं. भडंग घेतलं, दोन घास खाल्ले, डोळ्यांत पाणी आलं, तरी उरलेलं पुडीसकट खिशात घातलं.

तेव्हा सांगलीच्या वाचका, निघायच्या आदल्या दिवशी गाडी नुसती बघू नका. एक चाक जॅकवर घेऊन, पूर्ण उतरवून, पुन्हा बसवा. अंगणात अर्धा तास जाईल.

आमच्या जतला काय कमी ऊन आहे? एवढे पैसे घालून दुसऱ्याचा दुष्काळ बघायला कशाला जायचं? (एक वाचक, जत)

हा प्रश्न मला आवडला. मंडळींनीही पहिल्या दिवशी हाच विचारला होता.

जत-आटपाडीला वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कूबर पेडीला दीडशेच्या आसपास. आणि तरी त्याला कुणी दुष्काळ म्हणत नाही, कारण तो नेहमीचाच. माणसंच तेवढी ठेवलीत. विल्यम क्रीकजवळ अ‍ॅना क्रीक म्हणून गुरांचं एकच रान आहे, 'स्टेशन' म्हणतात त्याला, ते आपल्या सातारा जिल्ह्याहून मोठं आहे. कूबर पेडीत १९१५ साली ओपल हा रत्नाचा दगड सापडला, तेव्हापासून लोक खाणी खणतात आणि उन्हाच्या भीतीनं राहतातही जमिनीखाली, डोंगर कोरून. वर चाळीसच्या पुढं पारा गेला तरी आत पंचवीसच्या आसपास. मी भिंतीला हात लावून बघितला, आपल्या धाब्याच्या घरासारखा गारवा. गावाबाहेर मात्र फोटो काढताना मागं मागं सरकायचं नाही. उघडे खड्डे आहेत, बांध नाही, कुंपण नाही.

पण मला सगळ्यात आपलं वाटलं ते वेगळंच. त्या कच्च्या रस्त्याच्या कडेनं जुनी 'घान' रेल्वे जायची, रुंद रूळ नव्हे, नॅरो गेज. १८७८ ला पोर्ट ऑगस्ट्याहून काम सुरू झालं, अ‍ॅलिसला गाडी पोचली १९२९ ला, आणि १९८० ला ती बंद पडली. रूळ टाकले ते झऱ्यांच्या मागोमाग, कारण वाफेच्या इंजिनाला पाणी पाहिजे. आणि पाऊस आला की तेच रूळ वाहून जायचे. मिरज-कुर्डुवाडीची आपली छोटी गाडी आठवली. ढालगाव स्टेशनात ती अशी उभी राहायची, की प्रवासी उतरून शेंगा घेऊन परत चढायचे.

'घान' हे नाव अफगाण उंटवाल्यांवरून पडलं असं सांगतात. म्हणायचे सगळ्यांना अफगाण, पण त्यांत बलुची होते, पंजाबी होते, सिंधी होते. खंड ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी १८६० ला उंटांची पहिली मोठी खेप गेली ती कराची बंदरातून. आणि कराची तेव्हा कुठं होती? आपल्याच मुंबई इलाख्यात. रेल्वेच्या आधी आणि रेल्वे संपते तिथून पुढं धान्य, लोकर, तारेची बंडलं हे लोक उंटांवरून न्यायचे. मोटारी आल्या, उंट बेकार झाले, त्यांना रानात सोडून दिलं. आज त्यांची रानटी पिलावळ आडवी येते. मरी गावात मी त्या उंटवाल्यांच्या मशिदीजवळ उभा होतो. गवत आणि मातीची, आपल्या वस्तीवरच्या छपराएवढी, आता नुसती आठवण म्हणून पुन्हा उभी केलेली. शेजारी पाण्याचं छोटं टाकं.

दुसऱ्याचा दुष्काळ बघायला गेलो नव्हतो, पाहुणे, पण हे बघायला मिळालं.

रात्री गाडी चालवून अंतर वाचवावं का? आणि तिथं वापरायला सॅटेलाइट फोन घ्यावा का? (एक वाचक, कराड)

रात्री नाही. दिवस मावळताना आणि उजाडताना कांगारू रस्त्यावर येतात, दिव्यांनी बावचळतात आणि उडी मारतात ती नेमकी बोनेटवर. गुरंही मोकळी असतात, त्या रानांना कुंपण नाही. आणि समोरून येतात रोड ट्रेन, एका ट्रकला मागं तीन ट्रॉल्या, ५३ मीटरपर्यंत लांब. म्हणजे आपल्या एस.टी.च्या चार गाड्या एकामागोमाग जोडल्या तरी कमीच. तिला ओलांडायचं तर पुढचा किलोमीटरभर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. ट्रकवाले वायरलेसवर ४० नंबरच्या चॅनेलवर बोलत असतात, तसा सेट गाडीत असला तर विचारून ओलांडता येतं.

मोबाइल गावाबाहेर दहा मिनिटांत मरतो. सॅटेलाइट फोन किंवा संकटात बटण दाबायचं छोटं यंत्र तिथंच भाड्यानं घ्या आणि तिथंच परत करा. विकत घेऊन भारतात आणू नका. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं इथं गुन्हा आहे, विमानतळावर लोक अडकलेत. रोजच्या गोळ्या असतील तर दुप्पट न्या. तिथं विमानानं येणारे डॉक्टर आहेत, १९२८ पासून ती सेवा चालते, पण रक्तदाबाची गोळी विसरलात म्हणून विमान बोलवायचं नसतं.

उलुरूवर चढता येतं का? (एक वाचक, फलटण)

नाही. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद आहे. जागा तिथल्या मूळच्या अनंगू लोकांची, १९८५ साली त्यांना परत दिलेली, आणि ते पूर्वीपासून चढू नका म्हणत होते. पायथ्यानं साडेदहा किलोमीटरची वाट आहे, सकाळी सातला निघा. काही ठिकाणी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, तिथं काढू नका.

तिथं माशा खूप असतात असं बाबा म्हणतात. खरं का? (इयत्ता सातवी, तासगाव)

खरं आहे बाळ. चावत नाहीत, पण डोळ्यांच्या कडेला पाणी प्यायला येतात, नाकात शिरतात, बोललं की तोंडात. गार दिवसांत कमी, उन्हं वाढली की ढगच. तिथल्या दुकानात जाळीची टोपी मिळते. मी विट्यातल्या आमच्या शिंप्याकडून माझ्या पांढऱ्या टोपीला मच्छरदाणीचा तुकडा लावून घेतला होता. त्यानं शिवताना विचारलं, "आण्णा, मधाची पोळी काढायला निघालाय का?" कूबर पेडीत ती टोपी घालून मी पंपावर उभा होतो, तर एका गोऱ्या आजोबांनी हात दाखवत "कुठं मिळते?" म्हणून विचारलं. मी आपलं सांगून टाकलं, विट्याला.